कॉलरचं टोक

४ जानेवारी

डावऱ्या,

आशीर्वाद तुला न मागता मिळतात, तुझं पत्र मात्र मागून मागून मिळतं. आलं एकदाचं. बाबांना तीनदा वाचून दाखवलं. फोनवर आता त्यांना काडीचं ऐकू येत नाही, म्हणून तर आपला हा पत्रांचा संसार. मी त्यांच्या उजव्या कानाशी बसून ओरडून वाचते, आणि तुझी खुशाली बाबांच्या आधी गल्लीला कळते.

म्हणून नियम पुन्हा सांगते. बाबांनी ऐकावं असं असेल ते पत्रात लिही. ऐकू नये असं असेल ते वेगळ्या चिठ्ठीवर. मागच्या वेळी खोलीचं भाडं वाढल्याचं तू पत्रातच लिहिलंस. मला वाचता वाचता तिथे हवापाण्याचं काहीतरी घुसडावं लागलं, आणि ते इतकं लांबलं की बाबा म्हणाले, हा कॉलरी शिवतो की हवामान खात्यात लागलाय?

इथलं ठीक आहे. माझ्या शिवणाच्या गाळ्यात आठ मशिनं, आठ बाया, त्यातलीच मी एक. बटणवाली मावशी अजून आहे आणि अजून तशीच भांडते. शर्टांची कामं येतात, शाळेचे गणवेश येतात, पोटापुरतं सुटतं. गाळ्याचं भाडं इतकं कमी आहे की मालक दर महिन्याला मागायलाही येत नाही. आठवण झाली की येतो, पाणी पितो, घेऊन जातो.

बाबांना मात्र एक गोष्ट पटत नाही आणि ती ते रोज जेवताना काढतात. "कॉलर तीच. आतलं ताठ बकरम तेच. हात तर दोघांचेही तुमच्या आईने वळवलेले. मग एका कॉलरमागे त्याला तुझ्या बायांच्या तिप्पट का?" मी म्हटलं, शहरात सगळं महाग असतं बाबा. तर म्हणाले, "मग ते घरमालकाला मिळतात असं म्हण. त्याला मिळतात असं कशाला म्हणतेस?" मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. तुला काही उत्तर सुचलं तर लिही.

वरची खोली दर आठवड्याला झाडते. तू येणार येणार म्हणून पाच वर्षं झाडतेय. तुझी मुलगी आता इतकी मोठी झाली असेल की झाडू तिच्याच हातात द्यावा. कधी येणार? येऊन खाणार काय हा प्रश्न आहेच, तो मलाही कळतो. पण कधीतरी या.

ताई

---

१९ जानेवारी

ताई,

तुला नमस्कार, आणि बाबांना वाकून नमस्कार, तो जरा कानाशी ओरडून सांग.

बाबांनी बरोबर ओळखलं. पगार माझ्याकडून घरमालकाकडे जातो. मधल्या मधे मी त्याला ऊब देतो एवढंच. नाकापेक्षा मोती जड झालाय, पण नाक कापून देता येत नाही.

काम मात्र झकास चाललंय. माझं मशीन खिडकीकडच्या रांगेत शेवटचं. डावरा म्हणून मी त्याचा दिवा उजवीकडून काढून डावीकडे बसवून घेतलाय. टेबलाच्या कडेला कोपर घासतं, तिथे फडकं गुंडाळलंय. बाकीचे म्हणतात, हे मशीन तुझ्याशिवाय कुणाचं होणार नाही.

आता खरी बातमी. आमच्या साहेबांना आम्ही इस्त्री म्हणतो. अंगावर एक सुरकुती नसते, आणि ज्याच्याजवळ थांबतील त्याला चटका बसतो. गेल्या आठवड्यात ते माझ्याजवळ थांबले. म्हणाले, या मजल्याचं भाडं आता असं झालंय की शर्ट शिवण्यापेक्षा मजला झाडून रिकामा ठेवला तर जास्त परवडेल. मला राहवलं नाही. म्हटलं, साहेब, आमच्याकडे गाळे पडून आहेत आणि हातही चांगले आहेत. ते हसले. "तिकडच्या हातांना सरळ शिवण येते. टोक येत नाही. आम्ही इथे टोकाचेच पैसे मोजतो." मला झोंबलं ते. म्हटलं, माझ्या बहिणीच्या कॉलरचं टोक बघा, मग बोला. म्हणाले, "मागवा की."

तेव्हा ताई, एक कॉलर शिवून पाठव. पांढरी. टोक असं कर की साहेबांच्या बोटाला टोचलं पाहिजे. तिकडे शाखा निघाली तर तिला काम शिकवायला मास्तर लागणार, आणि तिथली गल्ली आणि इथलं काम दोन्ही माहीत असलेला माझ्याशिवाय दुसरा कोण आहे? विचार कर. शहराची मजुरी आणि आपली वरची खोली. झाडणं सोडू नकोस.

तुझा डावऱ्या

(चिठ्ठी) ताई, भाडं पुन्हा वाढलं. आता बायकोचा मामेभाऊ आणि आम्ही एकाच खोलीत राहतो, मध्ये चादर लावून. पोरगी झोपेत हात पसरते तो चादरीपलीकडे जातो. बायको काही बोलत नाही. ती भांडायची तेव्हा बरं वाटायचं. इथून निघणं आता फार जरुरीचं झालंय, म्हणून कॉलर मनापासून कर.

---

२ फेब्रुवारी

डावऱ्या,

सोबत कॉलर आहे. रविवारी गाळा बंद असताना एकटीने शिवली. आईसारखीच केली. टोकाच्या टाक्यात लाल दोरा अडकवला, शिवण झाल्यावर आतला जादा कपडा तिरका छाटला, कॉलर सुलटी केली आणि दोरा ओढला. टोक बाहेर आलं तसा दोरा काढून घेतला. आई लाल दोरा का घ्यायची आठवतं? पांढऱ्यात पांढरा राहून जातो म्हणायची. बाबांनी कॉलर बोटांनी चाचपली, डोळ्यांनी त्यांना आता काय दिसतंय. म्हणाले, "ही तुझी आहे. डावऱ्याची असती तर आतली छाट उलट्या बाजूने तिरकी लागली असती." मग बराच वेळ त्यांनी ती सोडलीच नाही. मला ती अक्षरशः त्यांच्या हातातून काढून घ्यावी लागली.

परवा तुझ्या इस्त्रीचा मला फोन आला. आवाजालाही घडी पडलेली नव्हती. ताई ताई करत होते. बायांना काय देता, गाळ्याला काय पडतं, वीज जाते का, बाया लग्नं झाली की काम सोडतात का, सगळं विचारलं. मी सगळं खरं ते सांगितलं. त्यात लपवायचं काय? उलट इथे किती स्वस्तात होतं ते ऐकून ते खूश झाले, तेव्हा मी आणखी दोन गोष्टी वर सांगितल्या. म्हटलं, जितकं स्वस्त वाटेल तितका माझा भाऊ लवकर घरी येईल.

तुझ्या चिठ्ठीतलं वाचून जीव तुटला. पोरीला म्हणावं, इथे हात पसरायला अख्खी खोली आहे. खिडकीला नवा पडदा शिवायला घेतलाय.

ताई

---

२० जून

ताई,

हे सगळंच पत्र चिठ्ठी समज. बाबांना वाचून दाखवू नकोस.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण चांगलं काही लिहायला मिळेल याची वाट बघत होतो. तुमच्याकडे आमच्या कंपनीचं युनिट येतंय हे तुला कळलंच असेल. आम्हाला ते असं कळलं की सोमवारी कामावर गेलो तर खिडकीकडची रांगच नव्हती. फरशीवर नुसते मशिनांच्या पायांचे डाग. शाखा वगैरे काही नाही, ताई. हा कारखानाच उचलून तिकडे ठेवतायत.

मी इस्त्रीकडे गेलो. म्हटलं, मास्तर म्हणून मला पाठवणार होतात. म्हणाले, इथलं कुणीही तिकडे न्यायचं नाही असं वरून ठरलंय. मी म्हटलं, तिकडच्या मजुरीवर येतो. वाईट बोलले नाहीत ते. म्हणाले, "तुम्ही याल हो. पण एक दिवस जेवायला बसल्यावर बायांना सांगाल की याच कॉलरचे मला तिप्पट मिळत होते. मग मी रोज काय उत्तर देऊ?" म्हणजे बाबा जेवताना विचारतात तोच प्रश्न. त्या प्रश्नाला हे लोक घाबरतात, आणि त्या प्रश्नापायी मला माझ्या घरी जाता येत नाही.

निघताना त्यांनी खणातून तुझी कॉलर काढून दाखवली. जपून ठेवलीय. म्हणाले, ही बघितली आणि वरच्या लोकांची शंका मिटली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हात तुझा, दाखवला मी. तरी राग येतोय तो लिहितो. एक टोक जरा बोथट ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं? आणि बायांना किती देतेस ते सांगायची इतकी काय घाई होती? तुझ्या खरं बोलण्याने इथल्या साठ जणांच्या पोटावर पाय आलाय. त्यातला एक मी.

महिनाअखेरीपर्यंत दुसऱ्या मशीनवर काम आहे. पुढचं माहीत नाही.

डावऱ्या

---

११ ऑगस्ट

डावऱ्या,

तुझं पत्र आलं त्यानंतर बरेच दिवस मला उत्तर लिहिता आलं नाही. मला बोथट टोक करता येत नाही. येतही असेल, पण हाताला ते कधी सांगितलेलं नाही. आणि साहेबांच्या बोटाला टोचलं पाहिजे असं कुणी लिहिलं होतं? राग खरा आहे, तो मी घेते. पण अर्धा माझ्या नावावर टाक आणि अर्धा तुझ्या.

इथे काय झालं ते ऐक. माझा गाळा बंद झाला. मागची मोठी शेड युनिटने घेतली. मी बायांना देत होते त्यापेक्षा ते थोडं जास्त देतात. कशा थांबतील त्या? एकेक जण येऊन माझ्याजवळ बसायची आणि डोळ्याला पदर लावायची. शेवटी मीच म्हटलं, जा गं बायांनो, उगाच रडून मला लाजवू नका. त्याच महिन्यात मालक आला, या वेळी पाणी न पिता. म्हणाला, शहरातली कंपनी आलीय, आता शहराचा भाव. भाडं दुप्पट. म्हणजे भाडं शहराचं झालं आणि मजुरी गावचीच राहिली. मावशीच्याही खोलीचं भाडं वाढलं. वाढलेली मजुरी तिच्या घरात शिरायच्या आधीच घरमालकाने उचलली. आता ती त्यावरून भांडत नाही. नुसती बटणं लावत बसते.

मी युनिटमध्ये लागले. चाळीस बायांवर सुपरवायझर. पहिल्या दिवशी शेडमध्ये फिरताना तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक मशीन दिसलं. दिवा डावीकडे, टेबलाच्या कडेला फडकं. मी फडक्याची गाठ चाचपून बघितली, तुझीच. बायांना वाटलं मी मशीन तपासतेय. ते मशीन आता मीच घेतलंय, दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. दिवा तेवढा उजवीकडे घ्यावा लागला, माफ कर.

घरी येऊन बाबांना सांगितलं की तुझं मशीन आलंय. तू कसा नाही आलास ते त्यांना कळेना. मग म्हणाले, "मशीन कुठेही नेलं तरी त्याला तेल तेवढंच लागतं. माणसाचंच मोल गाव बदललं की बदलतं." आणि जेवायला वाढ म्हणाले. त्यांना किती कळलंय, देव जाणे.

तुझ्यासाठी मी इस्त्रीजवळ शब्द टाकला. त्यांनी कानावर हात ठेवले. तरी तू ये. युनिटमध्ये नाही तर नाही. घरी बसून गल्लीतले सदरे शिव. बायको-पोरीला घेऊन ये. पडदा लावून झालाय.

ताई

---

३० सप्टेंबर

ताई आणि बाबा,

दोघांना नमस्कार. कळवायला आनंद होतो की मला इथेच, शहरात, आधीपेक्षा चांगलं काम लागलं. छोटा कारखाना आहे पण मालक माणुसकीचा आहे. मान मिळतो. पोरगी शाळेत जाते, बायको मजेत आहे. नवी खोली मोठी आहे, दोन खिडक्या, वारा भरपूर, आणि भाडं म्हणाल तर नसल्यासारखंच. भाजीही इतकी स्वस्त की बायको म्हणते, पिशवी भरून येते आणि पैसे उरतात. बाबांनी काळजी करू नये, तब्येतीला जपावं. कामाच्या गडबडीत पत्राला उशीर होईल.

तुमचा डावऱ्या

(चिठ्ठी) येत नाही, ताई. बाबा अख्ख्या गल्लीला सांगत फिरतात की माझा मुलगा शहरात मास्तर आहे. तिथे येऊन तुझ्या जिवावर बसू आणि शेजाऱ्यांच्या सदऱ्यांना ठिगळं लावू? पुन्हा बोलावू नकोस.

---

१५ नोव्हेंबर

डावऱ्या,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांना फार बरं वाटलं. दोन खिडक्यांचं त्यांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

आता माझ्याशी बोल. खोटं बोलायचं होतं तर भाडं तरी नीट सांगायचंस. शहरात दोन खिडक्यांची खोली आणि भाडं नसल्यासारखं? भाजी घेऊन पैसे उरतात? अरे, आता इथेही उरत नाहीत. म्हणजे तू शहरात नाहीस. आमच्याहूनही स्वस्त अशा कुठल्यातरी गावी आहेस, आणि जिथे खोली इतकी स्वस्त तिथे माणूस किती स्वस्त असेल, हे मला आता कुणी शिकवायला नको.

मग मी तुझ्या बायकोच्या मामेभावाला फोन केला. आधी तो ताकास तूर लागू देईना. मी रडले तेव्हा बोलला. तुझी बायको आणि पोरगी जुलैपासून तिच्या आईकडे आहेत. तू एकटाच कुठेतरी लांब एका ठेकेदाराकडे शिवतोस. गाव सांगायचं नाही अशी तू त्याला शपथ घातलीयस. म्हणून हे पत्र त्याच्याकडे पाठवतेय, तो पुढे धाडेल.

मी तुला रागावणार नाही. एकटा काय जेवतोस? तुला तर साधं कुकरचं झाकण नीट लागत नाही. आमच्याकडेही वारं फिरल्यासारखं वाटतंय. इस्त्री आले की आता भाड्याबद्दलच बोलतात. शेडमालकाने पुन्हा वाढ मागितलीय म्हणे. बायांनी पगारवाढ मागितली तर म्हणाले, देशात गावं काही कमी नाहीत.

पत्ता पाठव. मी एकदा येऊन नुसती तुला बघून जाईन. काही बोलणार नाही.

ताई

---

२४ मार्च

डावऱ्या,

या पत्त्यावर माझं अक्षर बघून दचकशील. मामेभावाने शपथ मोडलेली नाही, त्याला बोल लावू नकोस. हा पत्ता मला इस्त्रीने दिला, आणि कशासाठी दिला ते त्यांना स्वतःलाही माहीत नाही. तुझं डिसेंबरचं पत्र आलं होतं, चार ओळी बाबांसाठी आणि चिठ्ठी नाही. तेव्हापासून मी चिठ्ठीची वाट बघत होते. ती मंगळवारी आली.

मंगळवारी इस्त्री माझ्या मशीनपाशी आले आणि टेबलावर एक पांढरी कॉलर ठेवली. म्हणाले, एका लांबच्या गावी ठेकेदाराकडे शिवून घेतलीय. तिथे शेड जवळजवळ फुकट आहे आणि मजुरी तुमच्या दोन तृतीयांश. "पण हे टोक बघा, एक बरं आहे आणि एक बोथट. वर हा लाल दोरा लोंबतोय, गबाळं काम. यांना जमेल की नाही ते तुम्ही सांगा. तिथल्या ठेकेदाराला सांगूनच आलोय, आमच्या युनिटच्या सुपरवायझर ताई तपासतील म्हणून."

लाल दोरा मी लगेच ओळखला. कॉलर उलटी करून आत बघितलं. चांगल्या टोकाची छाट डाव्या हाताची, बाबा म्हणतात तशी. आणि दुसऱ्या टोकाला तू छाटलंच नव्हतंस. कपडा तसाच जाड ठेवलास, दोरा घातलास आणि ओढला नाहीस. म्हणजे तुला माहीत होतं कॉलर कुणाच्या हातात येणार. मला जे लिहिलं होतंस ते तू स्वतः करून दाखवलंस. एक टोक बोथट ठेवलंस, माझं काम माझ्याकडे राहावं म्हणून.

माझ्यामागे चाळीस मशिनं चालू होती. मी नुसतं "नाही जमणार" म्हटलं की पुरे होतं. खरं सांगायचं तर तोंडात आलंही होतं. मावशीची खोली आठवली, सगळ्या बाया आठवल्या. मग तू आठवलास, त्या दोन खिडक्यांच्या खोलीत एकटा, मान खाली घालून चांगलं काम मुद्दाम बिघडवताना. ते मला बघवेना. तुझ्या हाताला कुणीतरी गबाळा म्हणतंय आणि मी मान डोलावतेय, हे माझ्याच्याने होईना.

मी कात्री घेतली, जाड कपडा छाटला, कॉलर सुलटी केली आणि तुझा दोरा ओढला. टोक आलं. इस्त्रीने बोट लावून बघितलं आणि झटकन मागे घेतलं.

"म्हणजे हात चांगला आहे?"

"हात फार चांगला आहे," मी म्हटलं. "घाईत राहिलं असेल."

कामाच्या खुणा ठेकेदाराला लिहून कळवते म्हणून मी त्यांच्याकडून पत्ता घेतला, आणि ते खूश होऊन गेले. मावशीने लांबून विचारलं, काय म्हणत होते? मी म्हटलं, टोक बघत होते. तिला अजून खरं सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. मी हे भावासाठी केलं की टोकासाठी, ते माझं मलाही नक्की कळत नाही, आणि त्या चाळीस जणींनी उद्या विचारलं तर दोन्हीपैकी एकही उत्तर त्यांच्यापुढे पुरं पडणार नाही. मी वाईट केलं, डावऱ्या. तुझंही ऐकलं नाही आणि त्यांचंही बघितलं नाही.

काल ठरल्याचं कळलं. पुढच्या महिनाअखेर इथली शेड बंद. नियम तुला माहीतच आहे, इथलं कुणी तिकडे न्यायचं नाही. शेडमालक तर आतापासूनच हवालदिल झालाय, एवढ्या भाड्याने घ्यायला दुसरं कोण येणार? माझा जुना गाळाही रिकामाच पडलाय, पण आता त्याचं भाडं खाली यायला तयार नाही. वर चढलेलं भाडं खाली उतरत नाही, मजुरीला मात्र उतरायला जिनाही लागत नाही.

तू मात्र आता नीट शिव. ठेकेदाराला सांग की चाळीस मशिनं येतायत, मास्तर लागेल. मिळेल ते घे आणि बायको-पोरीला बोलावून घे. तुझ्याकडे दोन खिडक्या आहेत, पोरीला हात पसरता येईल. पडदा वेगळ्या पार्सलने पाठवते, इथे नुसताच लोंबतोय. बाबांना अजून तू शहरातच आहेस असं वाटतं, म्हणून त्यांच्यासाठी लिहिताना भाडं जरा जास्त लिहीत जा.

तिसऱ्या रांगेच्या टोकाचं मशीन तुझ्याकडे येतंय. तेल घातलंय, फडकं धुऊन पुन्हा गुंडाळलंय. दिवा काढून डावीकडे बसवलाय.

ताई